बाण लागला, हरीण दिसेना: पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माग कसा काढावा

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतो. शिकार मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची. तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी बोहंटरचा, म्हणजे धनुष्यबाणाच्या शिकाऱ्यांचा, कोर्स करून परवाना काढला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. महाराष्ट्रात जखमी हरीण आढळलं तर त्याच्या मागे न लागता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं, एवढंच आपलं काम.

बाण कसा मारतो हे आधी नीट समजायला हवं. गोळीच्या धक्क्यानं जनावर जागीच कोसळू शकतं. बाणाचा धक्का नगण्य असतो, तो कापत जातो. ब्रॉडहेडच्या, म्हणजे बाणाच्या धारदार टोकाच्या, पात्यांनी रक्तवाहिन्या कापल्या की जनावर रक्तस्रावानं मरतं, किंवा फुफ्फुसं बसल्यामुळे मरतं. साधारण ७० किलोच्या हरणाच्या अंगात चार-पाच लिटर रक्त असतं. त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त गेलं की ते खाली बसतं. त्याला लागणारा वेळ कधी दहा सेकंदांचा असतो, कधी दहा तासांचा. बाण कुठे लागला यावर ते ठरतं. म्हणजे नेम उत्तम बसला तरी हरीण पळणारच, आणि माग काढणं हा शिकारीचाच भाग आहे.

हरीण हाती न लागणं ही फक्त नवशिक्यांची अडचण नाही. मेरीलँडमध्ये इंडियन हेड इथल्या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात बाण लागलेल्या ९०८ हरणांची नोंद ठेवली गेली. शिकारी प्रशिक्षित होते, नेमबाजीची चाचणी देऊन आलेले होते. तरी १८ टक्के हरणं सापडली नाहीत. न सापडलेलं प्रत्येक हरीण मरतंच असं नाही. मांसात लागलेली कितीतरी हरणं बरी होतात. पण जी मरणार होती आणि तरी हाती लागली नाहीत, त्यांतली बरीचशी शिकाऱ्याच्या घाईनं गमावलेली असतात.

बाण सुटल्यानंतरची पहिली दोन मिनिटं

लगेच दुसरा बाण चढवा. हरीण टप्प्यात थबकलं आणि अंग मोकळं दिसलं तर पुन्हा मारा. पहिला बाण चांगला बसला असं वाटलं तरी मारा. "बघू काय होतंय" म्हणून धनुष्य खाली धरून बसणं ही फार सर्रास होणारी चूक आहे.

मग डोळे आणि कान उघडे ठेवा. बाण लागताक्षणी हरणानं काय केलं? मागचे दोन्ही पाय उंच झाडले आणि सुसाट खाली वाकून पळालं, तर बाण छातीत, बहुधा खालच्या भागात, म्हणजे हृदयापाशी. पाठीची कमान करून, पोट आवळून, चार पावलं पळून चालायला लागलं, तर बाण पोटात. शेपटी उंच उभारून बाकीच्यांबरोबर उड्या मारत गेलं, तर बाण चुकला असेल किंवा नुसता मांसात लागला असेल. हे संकेत आहेत, पुरावे नाहीत. लागलेली हरणंही कधी शेपटी उभारतात.

हरीण शेवटचं दिसलं ती जागा एखाद्या ठळक खुणेशी बांधून ठेवा: फांदी तुटलेला ओक, कुंपणाचा तिसरा खांब, असं काही. मचाणावरूनच होकायंत्रानं दिशा घ्या किंवा फोनवरच्या नकाशात खूण करा. जमिनीवर उतरलात की तेच जंगल वेगळं दिसतं आणि "तो ओक" कुठला ते कळत नाही. हरीण नजरेआड गेल्यावरही मिनिटभर कान द्या. धडपडून पडल्याचा, फांद्या मोडल्याचा किंवा पाण्यात शिरल्याचा आवाज फार कामाचा असतो.

आता घड्याळात वेळ बघा आणि मचाणावरच बसून राहा. किमान अर्धा तास, हरीण पडताना डोळ्यांनी दिसलं नसेल तर. हात थरथरत असताना शिडी उतरणंही धोक्याचं असतं, हे वेगळंच.

बाण, केस आणि रक्त

अर्ध्या तासानं आवाज न करता खाली उतरा आणि हरीण उभं होतं तिथेच जा. बाण आरपार गेला असेल तर तो पलीकडे जमिनीत रुतलेला किंवा गवतात पडलेला सापडेल. तो उचलण्याआधी ती जागा चमकदार नारिंगी फितीनं खुणावून ठेवा. मग बाण उजेडात धरा, बोटांनी चाचपा आणि हुंगा.

गुलाबीसर लाल रक्त आणि त्यात बारीक बुडबुडे असतील तर फुफ्फुस. भडक लाल, भरपूर, पण बुडबुडे नाहीत, तर हृदय किंवा मोठी धमनी. मात्र नुसत्या मांसातलं रक्तही भडक लालच असतं, त्यामुळे केवळ रंगावरून आनंद मानू नका. पिकल्या जांभळाच्या रसासारखं गडद, घट्ट रक्त म्हणजे काळीज (यकृत). बाणावर हिरवट-तपकिरी चोथा, चावलेल्या पाल्याचे कण आणि उग्र आंबूस वास असेल तर बाण पोटात गेला. आतड्यातून गेलेल्या बाणाला त्याहून घाण, शेणासारखा वास येतो. बाणावर नुसती चरबी आणि थोडं रक्त असेल तर तो छातीच्या टोकावरून किंवा पाठीवरून घसरत गेला असावा.

केसांकडे बहुतेक जण बघतच नाहीत. व्हाइटटेलचे पाठीवरचे केस लांब, करडे आणि काळ्या टोकांचे असतात. बरगड्यांवरचे त्याहून आखूड आणि तपकिरी. छातीच्या खालच्या टोकाचे जाड, राठ आणि गडद. पोटाखालचे पांढरे. बाण लागल्या जागी पांढऱ्या केसांचा झुबका पडलेला असेल तर बाण खाली लागला किंवा खालून बाहेर पडला. मचाणावरून तिरका मारलेला बाण वर शिरून खाली निघतो, त्यामुळे दोन्ही प्रकारचे केस सापडू शकतात.

एक गैरसमज इथेच मोडायला हवा. फुफ्फुसांच्या वर आणि कण्याच्या खाली "मोकळी जागा" असते, तिथून बाण गेला तर हरणाला काही होत नाही, असं बरेच जण सांगतात. अशी जागा नसते. फुफ्फुसं कण्यापर्यंत भिडलेली असतात. या गोष्टीतले बाण बहुधा कण्याच्या वरून, पाठीच्या मांसातून गेलेले असतात. पाठीची बाह्यरेषा आणि कणा यांच्यात खांद्यापाशी बरंच मांस असतं, हे वरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

बाण तीन-चार इंचच शिरला आणि मोडून पडला असेल तर तो फऱ्याच्या (खांद्याच्या) हाडावर आदळला असण्याची शक्यता मोठी. अशी हरणं बऱ्याचदा जगतात.

किती वेळ थांबायचं

हृदय किंवा दोन्ही फुफ्फुसं: अर्धा ते एक तास. खरं तर ते हरीण पहिल्या मिनिटभरातच, साधारण ५० ते १५० यार्डांवर मेलेलं असतं. थांबायचं ते तुमचा अंदाज चुकला असेल तर म्हणून. पडताना डोळ्यांनी पाहिलंत तर पाव तास पुरे.

काळीज: चार ते सहा तास. जखम प्राणघातक असते, पण हरीण आधी लपायला जागा शोधतं, बसतं आणि तिथे मरतं.

एकच फुफ्फुस: सहा ते आठ तास, जास्त थांबता आलं तर उत्तम. मचाणाच्या अगदी बुंध्याशी आलेल्या हरणावर सरळ खाली मारलेला बाण अनेकदा एकच फुफ्फुस फोडतो. एका फुफ्फुसावर हरीण फार लांब जाऊ शकतं, कधी वाचतंही.

पोट: आठ ते बारा तास. संध्याकाळी मारलं असेल तर सकाळी जा. याचं कारण कळलं तर धीर धरणं सोपं जातं. पोटात बाण लागलेल्या हरणाला अस्वस्थ वाटतं, ते शंभर-दोनशे यार्डांवर दाट झुडपात बसतं. छेडलं नाही तर बहुतेकदा तिथेच मरतं. तासाभरात तुम्ही तिथे पोचलात तर ते उठतं, घाबरून अर्धा मैल जातं. आता मागही नसतो, कारण अन्नाच्या चोथ्यानं आणि चरबीनं भोकं बुजलेली असतात. पहिल्या बसण्याच्या जागेपासून उठवलेलं असं हरीण कुत्र्याशिवाय मिळणं कठीण.

नक्की काही कळत नसेल तर पोटात लागलंय असं धरून चाला.

दोन गोष्टी शिकाऱ्याला घाई करायला लावतात: ऊन आणि पाऊस. सप्टेंबरात दिवसा २५ अंश सेल्सिअस असेल तर बारा तासांत मांस खराब होऊ शकतं, खरं आहे. कायोटी (कोल्ह्या-लांडग्यांसारखे प्राणी) रात्रीत हरीण फस्त करू शकतात, तेही खरं. तरीही पोटात लागलेल्याला लवकर उठवलंत तर मांस आणि हरीण दोन्ही जातात. गरमीत थोडं अलीकडे, सहा-सात तासांनी, दबकत जाता येईल, पण तासाभरात नाही. पावसानं रक्त धुऊन जातं म्हणून पोटातल्या बाणामागे धावायचं कारण नाही. तिथे रक्त मुळातच थेंब-दोन थेंब असतं. छातीतला बाण असेल आणि पाऊस अंगावर आला असेल तर मात्र अर्ध्या तासानं निघा.

मांसातल्या जखमेबद्दल जाणकारांतही दोन मतं आहेत. काही म्हणतात, हलत ठेवलं तर रक्त गोठत नाही. मागच्या मांडीतली मोठी धमनी कापली गेली असेल तर हरीण काही मिनिटांतच पडतं, त्याला हलवायची गरजच नसते. नुसतं मांस कापलं असेल तर पाठलाग करून ते पडेल याची शाश्वती कमीच. आमचा कौल थांबण्याकडे.

माग काढताना

दोन किंवा तीन माणसं पुरेत. आठ-दहा जणांची फौज नेली की रक्त बुटांच्या तळव्याला लागून भलत्याच दिशांना पसरतं. सोबत न्यायचं: नारिंगी फीत किंवा टॉयलेट पेपरचे तुकडे, चांगली टॉर्च, हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणीची बाटली, पाणी, फोनवर सुरू ठेवलेली जीपीएसची नोंद. बंदुकीचा हंगामही सुरू असेल तर नारिंगी जाकीट.

रक्ताच्या रेषेवरून नव्हे, तिच्या कडेनं चाला. एक माणूस शेवटच्या थेंबावर उभा राहील आणि पुढचा थेंब सापडल्याशिवाय हलणार नाही. दुसरा पुढे शोधेल. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण माग हमखास तुटतो तो दोघेही एकदम पुढे गेल्यामुळे. प्रत्येक दहा-पंधरा पावलांवर खूण बांधा. मागे वळून खुणांची रांग बघितली की हरीण कुठल्या दिशेनं चाललंय ते लक्षात येतं.

पहिल्या वीस-तीस यार्डांत रक्त नसेल तर खचू नका. बाण वर शिरून आरपार गेला नसेल तर छातीची पोकळी आधी भरते, मग रक्त बाहेर सांडतं. जमिनीबरोबरच गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवर बघा. गवताच्या पात्यांवर, रोपट्यांच्या खोडांवर, हरीण घासून गेलं तिथे पुसलेलं रक्त असतं. ते कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर आहे, यावरून भोक कुठे आहे हे कळतं. दोन्ही बाजूंना रक्त असेल तर बाण आरपार गेला आहे.

शरद ऋतूत मेपलच्या आणि सुमाकच्या लाल ठिपक्यांच्या पानांनी फसवणूक होते. संशय आला तर थुंकी लावून बोटानं पुसा, किंवा पेरॉक्साइड फवारा: रक्त असेल तर पांढरा फेस येतो. वाळलेलं रक्त तपकिरी दिसतं, तिथेही ही बाटली कामी येते. रक्त दिसत नसेल तिथे जमीन वाचा. पळणाऱ्या हरणाचे खूर फाकलेले आणि खोल उमटतात, पाचोळा उलटून ओली बाजू वर येते.

बसल्याची जागा सापडली तर थांबा. दबलेल्या गवतात रक्ताचं थारोळं असेल आणि हरीण नसेल, तर ते तुमच्यामुळेच उठलं असावं. तिथे खूण करा, आवाज न करता मागे फिरा आणि निदान चार-सहा तास जाऊ द्या. इथे पुढे जायचा मोह अनावर होतो, कारण हरीण "इथेच कुठेतरी" असतं. त्याला दमवायला निघालेला माणूसच बहुधा आधी दमतो.

माग तुटला तर

पहिला फोन माग काढणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला करा. सगळे उपाय थकल्यावर नव्हे, पोटात लागल्याची शंका आली तेव्हाच. बहुतेक राज्यांत दोरीला बांधलेल्या कुत्र्यानं जखमी हरीण शोधायला परवानगी आहे, काही ठिकाणी कुत्रा चालवणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संस्थेच्या यादीत राज्यवार अशी माणसं सापडतात. तारेसारख्या राठ केसांचे डॅशहुंड आणि बव्हेरियन माउंटन हाउंड या कामात वाकबगार. कुत्रा रक्ताबरोबरच त्या एका जखमी हरणाचा वास धरतो, खुरांच्या फटीतल्या ग्रंथींचासुद्धा. त्यामुळे रक्त संपलं तरी आणि एक दिवस उलटला तरी तो माग काढू शकतो. तुम्ही तोवर जंगल जितकं कमी तुडवलं असेल तितकं त्याला सोपं.

कुत्रा मिळत नसेल तर शेवटच्या रक्तापासून आधी निघण्याच्या वाटा तपासा: हरणांच्या रोजच्या पायवाटा, कुंपणाची फट, ओढ्याचा उतार. पोटात लागलेली हरणं बऱ्याचदा पाण्याकडे जातात, म्हणून ओढे, तळी, दलदल नीट बघा; पाण्यात पडलेलं हरीण काठावरून नुसतं ओंडक्यासारखं दिसतं. मग जाळीसारखा शोध घ्या. माणसांमध्ये पाच ते दहा यार्डांचं अंतर, सरळ रेघा, प्रत्येकाच्या फोनवर मार्गाची नोंद. अख्खं हरीण शोधू नका. पांढऱ्या पोटाचा तुकडा, कान, आडव्या पाठीची रेषा शोधा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावळे आणि टर्की गिधाडं कुठे घिरट्या घालतात याकडे लक्ष ठेवा.

शेजारच्या जमिनीत माग गेला तर कुंपण ओलांडण्याआधी मालकाला विचारा. बऱ्याच राज्यांत जखमी जनावर शोधायलाही परवानगी लागते. मालक नाही म्हणाला तर गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा, बऱ्याचदा तो मध्यस्थी करतो. रात्री टॉर्चबरोबर धनुष्य किंवा बंदूक जवळ असणं काही राज्यांत गुन्हा ठरू शकतं. ड्रोन आणि थर्मल कॅमेऱ्याचे नियमही राज्याराज्यांत वेगळे. हे हंगामाआधी वाचून ठेवायचं, अंधारात माग काढताना नाही.

सापडल्यावर

पाठीच्या बाजूनं, मागून जवळ जा. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे आणि निस्तेज असतात. डोळे मिटलेले असतील किंवा कान हलत असेल तर ते जिवंत आहे. तिथूनच छातीत दुसरा बाण मारा. गळा कापायला जाऊ नका, खुरांची लाथ हाड मोडते. निश्चल दिसलं तरी लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करून बघा, पापणी हलली नाही तरच हात लावा. मग राज्याच्या नियमाप्रमाणे टॅग (शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी) लावा.

बाण आरपार गेला नसेल तर आत मोडलेलं ब्रॉडहेड असणार. पोट उघडताना हात आंधळेपणानं आत घालू नका. आधी पात्यांचा हिशोब लावा. पोटात लागलेलं असेल तर आतली कोवळी मांसपट्टी, कण्याच्या खालची, पहिली खराब होते. चोथा लागलेलं मांस छाटून टाका, बाकीचं थोड्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा. हवा १० अंशांच्या वर असेल तर छातीच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या कोंबा आणि कातडी लवकर काढा. मांडीच्या हाडालगतचं मांस सगळ्यात उशिरा थंड होतं आणि तिथूनच आंबायला लागतं, म्हणून ते कापून हुंगून बघा. हिरवट छटा किंवा आंबूस वास असेल तर तो भाग खाऊ नका. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या प्राणघातक रोगाच्या क्षेत्रात असाल तर नमुना तपासायला द्या आणि डोकं-कणा क्षेत्राबाहेर नेऊ नका.

सापडलंच नाही तर

कायद्यानं बऱ्याच राज्यांत "वाजवी प्रयत्न" करणं बंधनकारक आहे. वाजवी म्हणजे आमच्या मते निदान एक पूर्ण दिवस, आणि कुत्रा उपलब्ध असेल तर कुत्रा. आजूबाजूच्या शिकाऱ्यांना आणि जमीनमालकांना सांगून ठेवा: कुठे लागलं, कुठल्या दिशेनं गेलं, नर की मादी. ट्रेल कॅमेरे (जंगलात लावलेले आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) तपासत राहा. मांसात लागलेलं हरीण आठवड्याभरानं कॅमेऱ्यात चरताना दिसणं नवलाचं नाही. जखम प्राणघातक होती अशी खात्री असेल, तर आपला टॅग वापरला असं धरून त्या हंगामात थांबणारे शिकारी आहेत. बहुतेक ठिकाणी कायदा तसं सांगत नाही, पण ते योग्य आहे असं आम्हाला वाटतं.

काही आठवड्यांनी सांगाडा सापडला तर शिंगं कापून घरी नेऊ नका. काही राज्यांत त्यासाठी टॅग किंवा वॉर्डनची लेखी परवानगी लागते.

आणि पुन्हा मचाणावर चढण्याआधी बाण का भरकटला ते शोधा. ब्रॉडहेड लावूनच २० आणि ३० यार्डांवर नेम तपासा. सरावाच्या टोकांचा नेम त्यांना लागू पडतोच असं नाही. धनुष्यावरच्या साइटचे (नेम धरायच्या खुणेचे) स्क्रू सैल झालेत का बघा. अंतर हेही कारण असतं: सेकंदाला २८० फूट जाणाऱ्या बाणाला २० यार्ड कापायला ०.२१ सेकंद लागतो, तर दोरीचा आवाज ०.०५ सेकंदातच हरणाच्या कानी पोचतो. ४० यार्डांवर हरणाच्या हाती जवळजवळ ०.३ सेकंद उरतो, आणि सावध हरीण तेवढ्यात अंग खाली टाकून बाणाखालून निसटतं. म्हणून मान ताठ करून टक लावून बघणाऱ्या हरणावर लांबून मारू नका. तोंड समोर असलेल्या किंवा तुमच्याकडे तिरप्या उभ्या हरणावरही नको. आडवं किंवा तुमच्यापासून जरा पलीकडे तोंड करून तिरपं उभं असलेलं हरीण, मोकळा फरा, आणि माग काढायला पुरेसा उजेड शिल्लक असेल तेव्हाच दोरी ओढा.